बोलाचा नाका

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुखणाइताची सेवा करणारा माह्यासारखा माणूस अखीन झाला नाही. हे मले सोतालेच सांगा लागते, कारण ज्यायची म्या सेवा केली त्यायच्यातला एकही जण हे सांगाले तयार नाही.

ज्या बुढीनं मले हे काम शिकोलं, ती तं माणसायचे हात धरून सांगे, "याले म्या शिकोलं असं कुठं बोलू नका बाप्पा. मले बाजारात तोंड दाखवा लागते."

बुढी चांदूर बाजारकडची माळीण. नवरा मरून लय वर्षं झालेली. अमरावतीच्या कापूस बाजारात वांगे, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर विकाले येत होती. तवा सात समुद्राच्या पार कुठंसी लढाई लागली होती अन् आपल्या कापसाले सोन्याचे दिवस आलते. कास्तकारायनं बैलाच्या शिंगायले चांदीच्या शेंब्या लावल्या. बैल हाकणाऱ्याच्या अंगात बंडी नव्हती, पण बैल नवरदेवावाणी. कापसाच्या गाड्या चार-चार दिवस रांगीत उभ्या राहत. गाडीवान तिथंच रांधत, तिथंच निजत, अन् तिथंच दुखणं घेत. कोणाले ताप, कोणाले हगवण, कोणाच्या पायावरून चाक. एका अडत्यानं आपल्या कापसाच्या कोठ्याबाजूची ओसरी देऊन टाकली. दया म्हणून नाही. माणूस त्याच्या कापसाच्या गंजीवर मरू नये म्हणून. बुढीनं एक दिवस तापल्या गाडीवानाले पाणी पाजाले तिथं टोपली खाली ठेवली, ती टोपली मंग उचललीच नाही.

मी हिवरखेडकडचा गाडीवान. ताप अंगात घेऊनच बाजारात आलो अन् त्या ओसरीत पडलो. शुद्ध आली तं एक बुढी भुईवर बसून माह्या तोंडाकडं पाहून म्हणून राहिली, "आता म्या तुह्या कपाळाले हात लावते. हात थंडा हाय. लावू का?" मले वाटलं मी मेलो, अन् वरच्या दरबारात अशी इचारपूस करत असतीन. मी बरा होऊन बसलो तोपर्यंत माह्या मालकानं दुसरा गाडीवान ठेवला होता. बैलायलेही तोच आवडला म्हणे. मंग मी ओसरीतच राहिलो. दुसरं कोणी ठेवून घेत नव्हतं, हे खरं कारण.

बुढीनं माहं डोकं उठवलं होतं, काय सांगू. दुखणाइताले हात लावाचा तं आधी सांगाचं. कूस बदलाची तं सांगाचं. पट्टी सोडाची, तं "आता सोडतो, चरचरन, दहा मोजेपर्यंत दुखन." मी म्हणलं, "माय, मले सातापुढं मोजता येत नाही." तं म्हणे, "मंग सातातच सोडजो." बेशुद्ध माणसालेही सांगा लागे. मी म्हणलं, "याले ऐकू येत नाही." बुढी म्हणे, "तुले त्यानं येऊन सांगतलं का, ऐकू येत नाही म्हणून?" 

"बैलाच्या मांगून जाऊन हात लावते का तू?" ती मले इचारे.

"नाही. आधी आवाज देतो. नाही तं लाथ बसते."

"मंग माणसानं तुहं काय घोडं मारलं? त्याले लाथ मारता येत नाही म्हणूनच ना?"

पाणी कोणाच्या हातचं चालते हेही ती दुखणाइतालेच इचारे. कोण कुठल्या जातीचा, कोण हिंदू, कोण मुसलमान, याचा इचार तिनं कधी सोताच्या डोक्यानं केला नाही. म्हणे ज्याचं तोंड त्यानं सांगावं. त्याच्यापायी ओसरीत चार मडके होते, अन् कोणतं कोणाचं हे मी रोज इसरो. रोज शिव्या खाओ.

"कसं वाटते?" असं ती कोणाले इचारत नसे. म्हणे, त्याच्यावर बंदे लोक "बरं हाय" म्हणतात अन् संध्याकाळी मरतात. ती इचारे, "आज कोणाचा राग येऊन राहिला?" ज्याले राग येऊन राहिला तो सुधरते, असा तिचा हिशेब. ओसरीतले निम्मे लोक माहं नाव घेत. बुढी खुश होये. "पाह्य," म्हणे, "काही तं कामाचा हायस."

एखादा गेलाच, तं त्यालेही सांगे, "आता म्या तुह्या तोंडावर कपडा ओढते बाप्पा. उजेड जाईन." मले हासू येत होतं. एक दिवस नाही आलं. त्याच्यानंतर कधीच नाही आलं.

एकदा तिनं मलेच खाटेवर टाकलं. "आज तू दुखणाईत. दिवस बुडेपर्यंत हातपाय हलवाचे नाही." मले वाटलं सण हाय. मले भरवाले एक बरा झालेला गाडीवान ठेवला. त्यानं न सांगता गरम पेज तोंडात ओतली, थोडी नाकात ओतली. मंग दोघं जण माह्या डोक्यावर उभे राहून बोलाले लागले. "याले उचलाले किती माणसं लागतीन?" "सहा. पोट लय हाय." मी तिथंच पडून, पण मले कोणी इचारत नाही. नाकावर माशी बसली तं ती जाता जात नाही. दुपारी मी अक्षी रडाले आलो. संध्याकाळी बुढीनं इचारलं, "काय शिकला?"

म्या म्हणलं, "गाडीवानी बरी."

आता नाक्याचं सांगतो. आपल्याकडं दुखणाइताले पाह्यले जाणं म्हणजे अर्धं तेराव्याले जाणं. माणूस येते, खाटेशी उभा राहते, च् च् करते, अन् म्हणते, "माह्या साडूलेही असंच झालं होतं. असाच पिवळा पडला. आठव्या दिवशी नेला." दुखणाईत इचारते, "कुठं नेला?" "कुठं म्हणजे? नदीवर." पाहुणा दोन केळं ठेवून जाते, अन् इकडं दुखणाईत आठ दिवस मोजत बसते.

बुढी म्हणे, "ताप अंगात राहते, भेव कानातून जाते. अंगाले वैद हाय. कानाले कोण हाय?" अन् माह्याकडं पाहून म्हणे, "तू हायस. तसाही रिकामाच बसते."

सडकेवर नाका असते, गाडी उभी करून माल पाह्यते, तसा तिनं मले ओसरीच्या दारात बसवलं. येईन त्याले इचाराचं, "आत जाऊन काय बोलशीन? पहिले मले सांग." चांगलं असन तं सोडाचं. भेवाचं असन तं तिथंच उतरून घ्याचं. मांगच्या जन्मीचं पाप असन त्यालेच हे काम मिळते. म्हातारे लोक काठ्या उगारत. एका मामानं मले एकामांग एक तेरा मेलेले सांगतले, बंदे एकाच दुखण्याचे. ते ऐकून मलेच कापरं भरलं अन् बुढीनं मले काढा पाजला. एका बाईले म्या म्हणलं, "रडाचं असन तं इथं रडून घ्या." ती घटकाभर माह्या खांद्यावर रडली, मंग डोळे पुसून आत गेली अन् पोराशी हासून बोलली. माही बंडी ओली ती ओलीच. म्या बुढीले म्हणलं, "नाक्यावर अडवलेला माल कुठं जाते, मालूम हाय का? नाकेदाराच्या घरात. बंद्या बाजाराचं मरण माह्या पोटात साचून राहिलं." बुढी म्हणे, "पोट लय हाय. मावन."

अशात चांदूर बाजाराच्या अलीकडल्या गावचा एक गाडीवान आला. गाडीचं चाक पायावरून गेलेलं. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून सांगतलं, पाय महिनाभर हलवाचा नाही. गडी तिशीतला, शांत, पण घास जाईना. एकच घोर, घरी म्हातारी माय एकटी. अन् त्याच दिवशी बुढीले अकोल्याहून बोलावणं आलं. तिथल्या बाजारातही अशीच ओसरी लावाची होती. जाता जाता बुढी मले म्हणे, "आठ दिवस ओसरी तुह्यावर. डोकं लावू नको. म्या सांगतलं तेवढंच करजो."

म्या डोकं लावलं.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीवानाचा शेजारी दारात आला. नाक्यावर म्या इचारलं, काय बोलशीन. तो म्हणे, "त्याच्या मायनं अंथरूण धरलं. चार दिवस झाले, अन्न सोडलं. पोराचं नाव घेऊन राहिली. त्याले सांगाले आलो."

म्या म्हणलं, "हा माल आत जात नाही. वापस ने."

"हे बोलणं नव्हे भाऊ, निरोप हाय."

"निरोप असो का नवरदेव असो. भेवाचं आत जात नाही."

तो लय भांडला. म्या त्याले बाजारातून वाटेले लावलं अन् फुगून आत गेलो. गाडीवानानं आवाज ऐकला होता. "माह्या गावचा होता का? काय म्हणे?"

आता चूप बसलो असतो तं चाललं असतं. पण माह्या जिभेले दम नाही. म्या म्हणलं, "बंदे खुशाल. तुही माय तं अशी ठणठणीत! म्हणे, पोराले पुरणाच्या पोळ्या धाडते."

गडी माह्याकडं पाहत राहिला. मंग हासला. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मी ओसरीभर अशा तोऱ्यात फिरलो, की बुढी असती तं तिचे पाय धरून म्हणलं असतं, पाह्य, शिकून घे माह्यापासून.

दुसऱ्या दिवशी तो म्हणे, "मायनं अखीन काय म्हणलं?" म्या मायले नवं लुगडं नेसवलं. तिसऱ्या दिवशी मायकडून गाय दोहून घेतली. चवथ्या दिवशी मायले विहिरीवर पाठवत होतो, तं तो हळूच म्हणे, "एक इचारू? माहा बाप गेला तवा चुलीवर पुरण होतं. त्या दिवसापासून माह्या मायनं पुरण घातलं नाही. मले पहिल्याच दिवशी समजलं. मले वाटलं, तुह्या मनासारखं हासलो, खाल्लं, तं तू आज सांगशीन, उद्या सांगशीन. म्हणून रोज इचारलं."

म्या उगाच त्याची गोधडी सारखी केली.

"ती गेली ना?" तो म्हणे.

"नाही नाही, जित्ती हाय!"

"आता तू काहीही म्हणलं तं मले कसं समजन?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. माह्या हातचं पाणी नाही, भाकर नाही. म्या शंभर शपथा घेतल्या. शपथा अन् पुरणपोळ्या एकाच तोंडातून निघालेल्या, त्याले काय फरक? बाजारात त्याच्या शेजाऱ्याले शोधलं, तो कवाचाच गावाले गेलता. दोन दिवस असे गेले. सहाव्या दिवशी दुपारी बुढी वापस आली, दोन दिवस आधीच. मले म्हणे, "मन लागत नव्हतं. तुह्यावर लय भरोसा होता ना, म्हणून."

म्या बंदं सांगतलं. मले वाटलं टोपली डोक्यात घालन. तिनं नाही घातली. दारात, माह्या जागेवर बसली. म्हणे, "माहा नवरा गेला तवा त्याले काही सांगाचं होतं. आमी बंदे म्हणलो, 'बरा हायस, उद्या सांग.' उद्या झालाच नाही. काय सांगाचं होतं, याचा अजून इचार करते मी." मंग उठून म्हणे, "गधड्या, भेव अडवाचं होतं. खबर नाही. खबर त्याची व्हय. ज्याची त्याले देऊन ये."

"तू सांग ना माय. मले जमत नाही."

"खोटं बोलतानी जमलं ते?"

मी जाऊन त्याच्या खाटेशी भुईवर बसलो. एखादी गंमत तोंडावर येऊन राहिली होती, ती गिळली. म्हणलं, "आता म्या खरं सांगतो. सांगू का?" त्यानं तोंड इकडं केलं. म्या शेजाऱ्याचे बोल जसेच्या तसे सांगतले. अन्न सोडलं, तुहं नाव घेऊन राहिली. "तवा जित्ती होती. आज मले मालूम नाही."

बुढीनं मांगून इचारलं, "कोणाचा राग येऊन राहिला बापा?"

"याचा," तो म्हणे.

"येऊ दे."

मंग बुढी त्याच्यापाशी बसली अन् सरळ म्हणे, "आज पाय हलला तं वाकडा बसन. जन्मभर लंगडशीन. नाही हलवला तं मायची भेट होईन का नाही, सांगता येत नाही. दोन्ही तुह्यापुढं ठेवलं. तू सांग." हाड बसवणारा धावत आला, मोठ्यानं ओरडाले लागला की माही मेहनत वाया जाईन. बुढी म्हणे, "पाय त्याचा, माय त्याची. तुही फक्त कामटी व्हय. ती वापस आणून देऊ."

गडी म्हणे, "मले न्या."

दुसऱ्या दिवशी फटफटताच आमी निघालो. बुढीनं रेंगीत, म्हणजे दोन माणसाच्या हलक्या गाडीत, अडत्याच्या गंजीतला कापूस गळ्यापर्यंत भरला अन् त्याच्यात तो पाय ठेवला. अडत्या धोतर सावरत आला. "अवो, सोन्याच्या गादीवर कोणत्या राजाची स्वारी चालली?" बुढी म्हणे, "मायकडं लेकरू चाललं. कापूस वापस आणते. तो काही मायपाशी राह्याचा नाही."

मले वाटलं, आता चूपचाप गाडी हाकाची. कायची चूप! बुढीचा हुकूम, रस्त्यातला हरेक खड्डा आधी सांगाचा. "उजव्या चाकाखाली गोटा येऊन राहिला. आता नाला. आता चढ." काळ्या मातीची सडक, कापसाच्या गाड्यायनं उकरलेली, त्याच्यात खड्डे किती होते हे मले इचारा. दुपारपर्यंत माहा आवाज बसला. बैलही माह्याकडं मान वळवून पाह्यत, की याले झालं काय. पण एक गोष्ट खरी, खड्डा सांगतला की गडी दात खाऊन तयार राहे. एकदा म्या सांगाले चुकलो तं तो ओरडला. तेवढंच. बुढीनं माह्या पाठीत बुक्का घातला, तो न सांगता घातला.

दिवस कलला तवा गाव दिसाले लागलं. गडी कापसातून उठू पाहे, उठता येईना. मंग भिंतीकडं तोंड केल्यापासून पहिल्यांदा तो सोता माह्याशी बोलला. "माहं घर पिंपळाच्या मांगं हाय. घरावर धूर निघून राहिला का पाह्य."

मी समजलो. घरात माणूस गेला तं चूल पेटत नाही.

म्या पाह्यलं. पिंपळ आडवा. धूर दिसेना. माही जीभ वळवळाले लागली, 'हाय ना, हा काय' म्हणाले. मांगं बुढी बसलेली.  ती बोलली असती तं बरं झालं असतं.

म्या म्हणलं, "दिसत नाही. झाड आडवं हाय. गाडी वळली की पाहून सांगतो."

तेवढं वळण येईपर्यंत त्यानं डोळे मिटून घेतले. म्या बैलायच्या शेपट्या पिळल्या. पिंपळ बाजूले सरकला. छपराच्या कवेलूतून बारीकसा धूर निघून राहिला होता.

"हाय," म्या म्हणलं. "चूल पेटली हाय."

तो रडला. बुढीनं मले शाबास म्हणलं नाही. फक्त शिवी दिली नाही. तिच्यापाशी काढलेल्या दोन सालात ती एकच येळ, म्हणून ध्यानात राहिली. आता बुढी नाही. तो गडी मातर बाजारात भेटते. पाय वाकडाच बसला, लंगडत येते, अन् मले पाह्यलं की दुरूनच पुरणपोळीचं इचारते.

त्या दिवशी त्याच्या घरात गेलो तं पाहुणे गच्च. शेजारीण चूल फुंकून राहिली होती. बुढीनं बंद्यायले नुसत्या नजरेनं भिंतीले लावलं. गड्याले मायच्या खाटेले लागून भुईवर बसवलं, पाय कापसात. सोता खाली बसली, अन् त्या मिटल्या डोळ्याच्या म्हातारीले म्हणे, "माय, तुहा पोरगा आणला. पाय मोडला हाय, बाकी धड हाय. आता म्या त्याचा हात तुह्या हातात देते. देऊ का?"

म्हातारीनं बोटं हलवले. डोळे उघडले. गडी तिच्या कानाशी वाकून हळूहळू काही सांगाले लागला. घरात बंदे चूप.

अन् मले, काय सांगू, ते चूप सोसलं नाही. मले वाटलं, म्हातारीले पायाचं भेव वाटत असन, कोणी तं धीर द्यावा. मी पुढं सरकलो अन् बसल्या आवाजानं म्हणलं, "माय, पायाचा घोर करू नको. याची सेवा म्या केली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुखणाइताची सेवा करणारा माह्यासारखा..."

म्हातारीनं मान वळवली. माह्याकडं पाह्यलं. पोराले इचारलं, "हा कोण व्हय रे?"

पोरगा म्हणे, "तुह्या हातच्या पुरणाच्या पोळ्या यानंच खाऊ घातल्या मले."

 म्हातारी बुढीले म्हणे, "याले बाहेर दारात बसवा वो बाई. मले माह्या पोराचं ऐकू येऊन नाही राहिलं."